ड्राफ्ट झाला म्हणजे सही झाली असं नाही

मुलगा सात वर्षांचा असताना आम्ही पुण्याहून बॉस्टनजवळ राहायला आलो. पहाटे रिंकवर त्याच्या स्केट्सच्या नाड्या आवळता आवळता मी आइस हॉकी शिकले. पुढे त्याच्याबरोबर वाढलेल्या एका मुलाला एनएचएल या अमेरिका-कॅनडातल्या सर्वोच्च हॉकी लीगच्या एका क्लबने ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, घेतलं. मी त्याच्या आईला विचारलं, "म्हणजे आता कॉलेज सुटणार?" ती म्हणाली, "छे गं, सही कुठे केलीय अजून!"

तेव्हा मला हा फरक ठाऊक नव्हता. मुलांना नुकतंच या खेळात घातलेल्या मराठी आईबाबांनाही तो बहुधा नसतो, म्हणून लिहिते. आयपीएलच्या लिलावाला खेळाडू आपलं नाव स्वतः देतो. इथल्या मुलांचं तसं नसतं, वयात बसलं की ती ड्राफ्टला आपोआप पात्र ठरतात. निवडणाऱ्या क्लबला मिळतो तो फक्त त्या मुलाशी करार करण्याचा हक्क. दुसरा क्लब मध्ये येऊ शकत नाही, पण मुलगाही सही करायला बांधील नसतो.

जिमी व्हीसी या हॉकीपटूचं प्रकरण यासाठी मुद्दाम वाचा. 2012 च्या ड्राफ्टमध्ये नॅशव्हिल क्लबने त्याला 66 वा निवडला आणि तो हार्वर्डला खेळायला गेला. तेव्हाच्या नियमाने, कॉलेजची चार वर्षं पुरी केली की 15 ऑगस्टला क्लबचा हक्क संपायचा. शेवटच्या वर्षी त्याला कॉलेज हॉकीचा सर्वोच्च होबी बेकर पुरस्कार मिळाला. नॅशव्हिल वाट बघत होतं, त्याने सही केली नाही. क्लबने ड्राफ्टमधल्या तिसऱ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात त्याचे हक्क बफेलो क्लबला दिले. तिथेही त्याने सही केली नाही. ऑगस्ट 2016 मध्ये तो मोकळा झाला आणि न्यूयॉर्क रेंजर्सकडे गेला.

लोक त्याला लोभी म्हणाले. मला ते मुळीच पटत नाही. नवख्याच्या पहिल्या करारावर लीगचीच कमाल मर्यादा असते, त्याच्या वेळी ती वर्षाला 9,25,000 डॉलर होती आणि सगळ्या क्लबांना सारखीच. म्हणजे निवड पैशांची कमी आणि खेळायला कुठे मिळेल, कुठे राहायचं याची जास्त. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाने नियमात राहून ती केली, तर त्यात गैर काय?

किंमत मात्र मोजावी लागते. बॉस्टन कॉलेजचा कटर गॉथिए 2022 मध्ये फिलाडेल्फियाचा पाचवा निवडलेला. त्याने नकार दिल्यावर जानेवारी 2024 मध्ये क्लबने त्याला अ‍ॅनाहाइमला देऊन जेमी ड्रायस्डेल आणि दुसऱ्या फेरीची एक निवड घेतली. वर्षभराने तो फिलाडेल्फियात खेळायला उतरला, तर पक (हॉकीची रबरी चकती) त्याच्याकडे गेला की अख्खं स्टेडियम हुर्यो उडवत होतं. तो तेव्हा वीस वर्षांचा होता. घरातल्यांनी मुलाची अशा वेळेसाठीही तयारी करून घ्यावी.

आणखी एक. हे नियम लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या कराराने ठरतात, करार बदलला की तेही बदलतात. कॉलेजचे नियम वेगळे आणि तेही हलते: कॅनडाच्या ज्युनियर लीगमध्ये खेळलेल्यांना पूर्वी अमेरिकेत पहिल्या श्रेणीचं कॉलेज हॉकी बंद होतं, ऑगस्ट 2025 पासून खुलं झालं. म्हणून कशावरही सही करण्याआधी कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसला, म्हणजे खेळाडूंचे नियम पाहणाऱ्या कार्यालयाला, विचारा, शेजारच्या पालकांना नको. मी शेजाऱ्यांवर विसंबले आणि दोन वर्षं चुकीचीच माहिती धरून बसले.

त्या मैत्रिणीच्या मुलाने चौथं वर्ष पुरं केलं आणि मग त्याच क्लबशी सही केली.