फाटा येण्याआधी ठरवा: सायकलवरच्या ओरिएंटियरिंगची तयारी

अंबाजोगाईहून मुकुंदराजांच्या समाधीकडं जाताना माळ संपतो आणि जमीन एकदम दरीत उतरते. त्या काठावर दर रविवारी पहाटे मी सात-आठ जणांना नकाशे वाटते. पहिल्यांदा आलेला बहुतेक जण नकाशा हातात पडला की लगेच पायडल मारतो आणि पहिल्या फाट्यावर थांबून डोकं खाजवतो. हा लेख मी त्याच्यासाठी लिहितेय. ज्यांना कधीतरी खऱ्या शर्यतीत उतरायचंय, त्यांच्यासाठीही.

ओरिएंटियरिंग म्हणजे नकाशा वाचत ठरलेल्या खुणा गाठायची शर्यत. मी हा खेळ इथं शिकले नाही. नोकरीनिमित्त दोन वर्षं चेक प्रजासत्ताकात ब्रनोला होते. तिथल्या जंगलात शनिवार-रविवारी सायकलला नकाशाची पाटी लावलेले लोक दिसायचे, त्यात साठीच्या बायकाही असत. चौकशी केली आणि पुढच्याच महिन्यात नाव नोंदवलं. इंटरनॅशनल ओरिएंटियरिंग फेडरेशन 1961 पासून आहे. पायी, स्कीवर, सायकलवर आणि ट्रेल (वेगापेक्षा अचूक नकाशावाचनाचा) असे या खेळाचे चार प्रकार ती चालवते. सायकलवाल्यांची पहिली जागतिक स्पर्धा 2002 मध्ये फ्रान्समध्ये फॉन्टनब्लोला झाली.

खेळ असा. नकाशावर जांभळा त्रिकोण म्हणजे सुरुवात, क्रमांक घातलेली वर्तुळं म्हणजे कंट्रोल, दुहेरी वर्तुळ म्हणजे शेवट. प्रत्येक कंट्रोलवर पांढरा-नारिंगी झेंडा आणि एक इलेक्ट्रॉनिक डबी असते. बोटातली किंवा मनगटावरची चिप तिथं टेकवायची किंवा जवळून न्यायची, की नोंद होते. यालाच पंच करणं म्हणतात. कंट्रोल दिलेल्या क्रमानंच घ्यायचे. एक चुकला तरी निकालात नाव नाही. एका कंट्रोलवरून दुसऱ्यावर कुठल्या वाटेनं जायचं, ते मात्र ज्याचं त्यानं ठरवायचं. खेळ तिथंच आहे.

पायी धावणारा शेतातून, झाडीतून सरळ जाऊ शकतो. सायकलवाला वाटांना बांधलेला असतो, म्हणून आपल्या नकाशात वाटाच सगळ्यात बारकाईनं काढलेल्या असतात. सलग काळी रेघ म्हणजे वेगानं जाता येईल अशी वाट. लांब तुकड्यांची रेघ म्हणजे मध्यम, आखूड तुकड्यांची म्हणजे हळू, आणि नुसते ठिपके म्हणजे जवळजवळ ढकलतच न्यायची. चांगल्या रस्त्यावरचा वेग शंभर धरला तर या चार पायऱ्या साधारण 75 ते 100, 50 ते 75, 25 ते 50 आणि 25 च्या खाली अशा पडतात. रेघेची जाडी वाटेची रुंदी सांगते. तपकिरी रेषा उंचीच्या, निळा रंग पाण्याचा, पिवळा मोकळ्या जमिनीचा, हिरवा झाडोऱ्याचा. जांभळ्या फुल्या मारलेल्या वाटेनं जायचं नाही. वाट सोडून जायची परवानगी आहे की नाही, हे त्या त्या शर्यतीच्या सूचनांत असतं. आदल्या रात्री वाचून ठेवा. कुठंही असलात तरी सायकल सोबतच हवी. ती काट्यात टाकून पळत जाऊन पंच करून यायचं नाही. हेल्मेट सक्तीचं. नकाशा दाखवणारं जीपीएस बंद.

आता मुख्य गोष्ट. अंतर मोजू नका, वेळ मोजा.

त्यासाठी आधी स्वतःचा वेग माहीत पाहिजे. मी मुरमाचा एक किलोमीटर, गाडीवाटेचा एक आणि पायवाटेचा एक असे तुकडे निवडून घड्याळ लावलं आणि प्रत्येकी चार वेळा चालवले. माझे आकडे असे निघाले: मुरमावर तीन मिनिटं, गाडीवाटेवर पाच, दगडगोट्यांच्या पायवाटेवर साडेसात, ढकलताना तेरा-चौदा. वर दर 10 मीटर चढाला अर्धं मिनिट जास्त. तुमचे आकडे वेगळे येतील. कागदावर लिहून पाठ करा, पाढ्यासारखे.

ते कुठं कामाला येतात ते सांगते. आमच्या सरावाच्या एका टप्प्यात पाझर तलावाच्या भिंतीवरून पलीकडच्या माळावरच्या एकुलत्या लिंबापर्यंत जायचं असतं. समोर ओढा आडवा. सरळ पायवाट 900 मीटर, ओढ्यात उतरते आणि 20 मीटर वर चढते. मुरमाचा रस्ता ओढ्याच्या डोक्याला वळसा घालून सपाट जातो, पण 2 किलोमीटर. नवीन माणूस डोळे झाकून पायवाट धरतो. हिशेब करा: 900 मीटर पायवाटेला पावणेसात मिनिटं, चढाचं एक, म्हणजे पावणेआठ. मुरमाला सहा. दुपटीहून लांबचा रस्ता पावणेदोन मिनिटं लवकर पोचवतो, आणि पोचल्यावर पायात दमही शिल्लक असतो.

हा हिशेब फाट्यावर उभं राहून करायचा नाही. तिसऱ्या कंट्रोलकडं जाताना सोपा, सरळ रस्ता लागला की चौथ्याचा मार्ग ठरवायचा. पंच करून सायकल वळवाल तेव्हा कुठल्या दिशेनं निघायचं हे आधीच ठरलेलं असलं पाहिजे. ब्रनोला माझ्या पुढं जाणारे माझ्यापेक्षा फार जोरात चालवत नव्हते. ते थांबत नव्हते, एवढाच फरक होता. हे कळायला मला सहा शर्यती लागल्या.

मार्ग ठरला की त्यातले फाटे तोंडानं म्हणायचे: "भिंत संपली की डावी, दोन फाटे सोडायचे, विहिरीला उजवी." मी मोठ्यानं म्हणते. 1:15,000 च्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे 150 मीटर, आणि ताशी 20 किलोमीटरनं ते अर्ध्या मिनिटाच्या आत सरतात. म्हणजे बोटाच्या पेराएवढा नकाशा मिनिटभरात संपतो. एवढ्या वेगात एका नजरेत एकच गोष्ट वाचता येते, म्हणून आधी म्हणून ठेवलेलं उपयोगी पडतं. जे दिसायला पाहिजे ते वेळेत दिसलं नाही तर वेग कमी करा. तरीही दिसलं नाही तर खात्रीच्या शेवटच्या जागेपर्यंत मागं या. "पुढं कुठंतरी लागेल" म्हणून रेटलेले दोनशे मीटर मला नेहमी महाग पडलेत.

नकाशा हँडलवरच्या फिरत्या पाटीवर लावतात. वळण घेतलं की पाटीही फिरवायची, म्हणजे समोरचा रस्ता नकाशावरही समोरच राहतो आणि उजवं-डावं उलटं होत नाही. पहिले पंधरा दिवस हात विसरतो, मग सवय लागते. विकतची पाटी मिळाली नाही तर प्लॅस्टिकची पाटी, मधोमध एक बोल्ट आणि दोन वॉशर यांवर काम भागतं, आमच्यात चौघांची तशीच आहे. होकायंत्र हँडलच्या लोखंडापासून दूर ठेवा. मी मनगटावर बांधते. आपल्याकडं चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळं त्या दुरुस्तीची काळजी नको.

कंट्रोलच्या क्रमांकाशेजारी त्याचा सांकेतिक आकडाही छापलेला असतो. डबीवरचा आकडा त्याच्याशी जुळतो का, ते पंच करण्याआधी बघा. माझ्या तिसऱ्या शर्यतीत सातवा आणि अकरावा कंट्रोल दीडशे मीटरवर होते. मी सातव्याच्या ऐवजी अकराव्याला पंच केलं आणि सव्वा तास चालवून निकालातून बाहेर गेले. त्या दिवशी संध्याकाळी फार वाईट वाटलं होतं. आता आकडा पाहिल्याशिवाय माझा हात पुढं होत नाही.

आता आपल्या जमिनीबद्दल, कारण हे युरोपातला कुणी शिकवणार नाही. तिथला नकाशा वर्ष-दोन वर्षं चालतो. इथं एकच पाणंद डिसेंबरात सलग रेघेची असते, जुलैत ठिपक्यांची. काळी माती भिजली की चाकाला, ब्रेकला, साखळीला अशी थापते की चाक फिरतच नाही, सायकल खांद्यावर घ्यावी लागते. म्हणून पावसाळ्यात मुरमाच्या आणि खडकाच्या माळावरच सराव करा. एप्रिलमध्ये त्याच मातीला भेगा पडतात. चाकाच्या रेषेतच पडलेली भेग पुढचं चाक धरून ठेवते, ती आडवी ओलांडा. रब्बीची ज्वारी डोक्याच्या वर गेली की बांधावरचा फाटा पाच मीटरवरूनही दिसत नाही. तेव्हा फाटे मोजण्यापेक्षा अंतर आणि दिशा धरा.

आणि वाटा नांगरल्या जातात. मागच्या साली घाटनांदूरच्या बाजूला एक पाणंद नकाशावर ठसठशीत होती, जागेवर हरभरा. बांधावर बसलेले आजोबा म्हणाले, "वाट चुकलीस का माय? ती पाणंद दोघांनी दोन्हीकडनं खाल्ली. तिकडून येड्या बाभळीखालून जा." शर्यतीत असं विचारता येत नाही, पण नकाशा बनवताना विचारल्याशिवाय भागत नाही.

कारण सरावाचा नकाशा आपल्यालाच बनवावा लागणार. सर्व्हे ऑफ इंडियाचे 1:50,000 चे नकाशे आता ऑनलाइन मिळतात. उंचीच्या रेषांना आणि ओढ्यांना ते चांगले, पाणंदींना अपुरे. त्यावर उपग्रहाचं चित्र ठेवून ओपनओरिएंटियरिंग मॅपर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये वाटा काढायच्या, मग प्रत्येक वाट स्वतः चालवून तिची पायरी ठरवायची. चार चौरस किलोमीटरला मला पाच सकाळी लागल्या. हे काम कंटाळवाणं समजू नका. नकाशा वाचायला मी जेवढं तो काढताना शिकले तेवढं कुठल्याच शर्यतीत शिकले नाही. गायरानासाठी ग्रामपंचायतीला विचारा, वनखात्याच्या जमिनीसाठी त्यांना. येडशी रामलिंगघाट, नायगाव मयूर, गौताळा ही अभयारण्यं आहेत, तिथं परवानगीशिवाय झेंडे लावायला जायचं नाही. उभ्या पिकातून कधीच नाही.

काट्यांचं काय? बाभूळ, बोर आणि सराटे. सराट्याचा वेल सुकला की वाटभर काटे पसरतात आणि एका फेरीत टायरमध्ये दहा रुततात. ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारं द्रव, हा इथला खरा उपाय. उन्हानं सीलंट लवकर सुकतं, दर दोन महिन्यांनी बघा. ट्यूबच वापरत असाल तर एक जादा ट्यूब, पॅच, पंप, आणि टायर काढायची सवय. घरी दहा वेळा काढून लावा. काटा उपसायला छोटा चिमटा ठेवा. आत राहिलेलं टोक नवी ट्यूबही फोडतं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला मोसम. तेव्हाच ऊसतोड जोरात असते, वळणावर समोरून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन येतो आणि त्याला थांबता येत नाही. आंधळ्या वळणावर नकाशात बघायचं नाही, हा नियम मी नवीन लेकरांकडून पहिल्या दिवशी तीनदा म्हणवून घेते. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला सराव ठेवत नाही. त्या दिवशी शेतं माणसांनी भरलेली असतात, आणि आंबील-भज्जीला कुणी ना कुणी थांबवतंच. मार्चनंतर साडेसहाला सुरू, नऊच्या आत बंद. दोन लिटर पाणी, मीठ-साखर, शिट्टी, आणि कुठं जातोय हे घरी सांगून.

शर्यतीच्या सकाळी चिप आधी क्लिअरच्या डबीवर, मग चेकच्या. घाईत हे राहिलं तर जुन्या नोंदी तशाच राहतात. बऱ्याच शर्यतींत सुटण्याच्या एखादं मिनिट आधी नकाशा हाती येतो. त्या मिनिटात सगळा नकाशा बघायचा मोह होतो. मी फक्त उत्तर, प्रमाण आणि पहिला कंट्रोल बघते. पहिल्या कंट्रोलकडं मुद्दाम हळू जा, नकाशा काढणाऱ्याच्या नजरेची सवय होईपर्यंत. एकानं जी गाडीवाट मध्यम धरली ती दुसरा हळू धरेल.

संपल्यावर चिप वाचून टप्प्याटप्प्याचे वेळ हातात देतात. घरी गेल्यावर, आंघोळीच्या आधीच, नकाशावर लाल पेननं खरोखर गेलेली वाट काढा. जिथं थांबलात तिथं फुली आणि बाजूला गेलेले सेकंद. मग टप्प्याचा खरा वेळ तुमच्या पाढ्याच्या हिशेबाशी ताडून बघा. हिशेब पाच मिनिटांचा आणि लागली आठ, तर ती तीन मिनिटं पायात गेली की फाट्यावर, हे फुल्या सांगतात. मी हे नकाशे महिन्यावार लावून ठेवलेत. एकाच माळाचा जानेवारीचा, मेचा आणि सप्टेंबरचा नकाशा शेजारी ठेवला की पुढच्या सप्टेंबरात कुठली पाणंद सोडायची ते आधीच दिसतं.