जुना होम कॉम्प्युटर हाती आलाय? स्विच दाबायच्या आधी हे करा

कमोडोर ६४, झेडएक्स स्पेक्ट्रम, बीबीसी मायक्रो, अमिगा, यातलं कुठलंही मशीन अडगळीतून बाहेर निघालं की हात आधी प्लगकडेच जातो, लावून तर बघू चालतंय का म्हणून. प्लीज, तेवढं नका करू. चाळीस वर्षं शाबूत राहिलेलं मशीन त्या पहिल्या काही सेकंदात जाऊ शकतं आणि आतल्या बऱ्याच चिप्स आता कुणी बनवत नाही, गेली की जुन्याच दुसऱ्या मशीनमधून काढावी लागते. म्हणून क्रम असा ठेवा, आधी अडॅप्टर, मग बोर्ड, आणि स्विच सगळ्यात शेवटी.

सामान फार लागत नाही. साधा डिजिटल मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र), बरासा स्क्रूड्रायव्हर, मऊ ब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि प्रत्येक स्टेपला फोटो काढायला फोन. सोल्डरिंग पहिल्या दिवशी शक्यतो नकोच.

अडॅप्टरवर जरा जास्त बोलतो कारण खरा घात तिथेच होतो. कमोडोर ६४ सोबत जो जड ठोकळा येतो तो बहुतेक वेळा आतून इपॉक्सीने (दगडासारख्या कडक होणाऱ्या राळेने) भरलेला असतो, म्हणजे उघडून दुरुस्तही करता येत नाही आणि उष्णताही आतच कोंडते. त्यातून ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी असे दोन सप्लाय निघतात. गोची अशी की त्यातला ५ व्होल्टचा रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारा भाग) बिघडला की नुसता बंद पडेलच असं नाही, कित्येकदा उलट जास्त व्होल्टेज सोडायला लागतो आणि ते थेट रॅम (मेमरी) चिप्सवर जातं. त्यामुळे मशीनला न जोडता मोजा, पिन ५ आणि पिन २ मध्ये ४.७५ ते ५.२५ व्होल्ट डीसी, पिन ६ आणि ७ मध्ये ९ च्या आसपास एसी (लोड नसल्यामुळे थोडं जास्त दिसतं, चालतं). या प्लगवरचे पिन नंबर ओळीने नसतात हं, आधी आकृती समोर ठेवा. आणि आज रीडिंग बरोबर आलं तरी तासाभराने ठोकळा तापल्यावर तसंच राहील याची खात्री नाही, म्हणून मी तरी स्पष्टच सांगेन की जुना ठोकळा शोकेसमध्ये ठेवा आणि चालवायला नवा सप्लाय घ्या.

स्पेक्ट्रमचं उलटं आहे. त्याला ९ व्होल्ट डीसी लागतो पण प्लगची मधली पिन निगेटिव्ह असते, आजकालच्या बहुतेक अडॅप्टरची मधली पिन पॉझिटिव्ह, त्यामुळे घरातला कुठलातरी ९ व्होल्टचा अडॅप्टर खुपसायचा नाही म्हणजे नाही. ओरिजिनल अडॅप्टर रेग्युलेटेड नसतो, नुसता मोजला तर १२ च्या वर दाखवेल, घाबरू नका, मशीनच्या आत ७८०५ रेग्युलेटर बसलेला आहे.

बीबीसी मायक्रोमध्ये पॉवर सप्लाय आतच असतो आणि त्यात रिफा कंपनीचे पारदर्शक पिवळसर कपॅसिटर (वीज थोडा वेळ साठवणारे छोटे भाग) असतात, त्यांच्या आवरणाला बारीक तडे जातात, आत दमट हवा शिरते, आणि मेन्स (घरातल्या प्लगची वीज) लावला की फटकन फुटून खोलीभर घाण वासाचा धूर. ते आधीच बदलून घ्या, एक्स२ क्लासचेच (मेन्ससाठी बनवलेला सुरक्षित प्रकार). हे काम मेन्सचं आहे, सवय नसेल तर ज्याला येतं त्याच्याकडूनच. जुना सीआरटी (काचेच्या पिक्चर ट्यूबचा) मॉनिटर असेल तर तो उघडूच नका.

आता झाकण. कमोडोर ६४ च्या जुन्या मॉडेलला खाली पुढच्या बाजूला ३ स्क्रू असतात. स्पेक्ट्रम उघडताना वरचं झाकण झटक्यात उचललं तर कीबोर्डच्या दोन पातळ पट्ट्या तुटतात, त्या वयामुळे कडक झालेल्या असतात (त्या पट्ट्यांसकट नवीन मेम्ब्रेन, म्हणजे कीखालचा पातळ पडदा, मिळतं, तरी जपून). आत बघायचं काय तर गंज, फुगलेले किंवा गळलेले कपॅसिटर, हिरवट डाग. अमिगा ६०० आणि १२०० चे छोटे सरफेस माउंट (बोर्डच्या पृष्ठभागावरच चिकटवलेले) कपॅसिटर गळतात, अमिगा २००० ची बोर्डवरची बॅटरी तर गळून बोर्डवरचे तांब्याचे ट्रॅक खाऊन टाकते, दिसली की काढाच. सॉकेटमधल्या चिप्स हळूच थोड्या वर उचलून परत दाबून बसवा, कितीतरी "मेलेली" मशीन्स एवढ्यानेच उठतात.

डिस्प्लेसाठी आरएफपेक्षा (टीव्हीच्या अँटेना सॉकेटमधून) कंपोझिट (थेट व्हिडिओची केबल) बरं. मशीन पाल आहे की एनटीएससी (टीव्ही सिग्नलच्या दोन वेगळ्या पद्धती) ते बघा, टीव्हीला ती चालते ना तेही, नाहीतर बिघाड टीव्हीचा आणि शोध बोर्डमध्ये असं होतं.

मग स्विच. कार्ट्रिज, जॉयस्टिक, ड्राइव्ह काही न लावता. कमोडोर ६४ निळ्या स्क्रीनवर ३८९११ बाइट्स फ्री दाखवतो, आकडा यापेक्षा कमी आला तर रॅममध्ये गडबड आहे. स्क्रीन काळीच राहिली तर पहिला संशय पीएलए चिपवर (कुठल्या वेळी कुठली मेमरी वापरायची ते ठरवणारी चिप), दुसरा रॅमवर. मिनिटभराने रॅमच्या चिप्सना बोट लावून बघा, एखादी बाकीच्यांपेक्षा फारच तापली असेल तर बहुतेक तीच. स्पेक्ट्रमवर १९८२ सालची कॉपीराइटची ओळ यायला हवी, रंगीत चौकोनांचा कचरा आला तर ताबडतोब बंद करा आणि रॅमचे व्होल्टेज तपासा, कारण खालच्या १६ केबीच्या ४११६ चिप्सना ५, १२ आणि उणे ५ असे तिन्ही लागतात आणि उणे ५ गायब झाला तर त्या भराभर जातात.

चाललं? मग आता टेप, या मशीनचे प्रोग्राम आणि गेम कॅसेटवर असायचे. स्पेक्ट्रमला फोनच्या हेडफोन जॅकवरून ईअर सॉकेटमध्ये आवाज देऊन गेम लोड करता येतो, व्हॉल्यूम जवळपास फुल आणि इक्वलायझर बंद, आधी बॉर्डरवर लाल-निळसर पट्टे आणि मग निळे-पिवळे आले की डेटा आत जातोय.

पण घरातल्या कुणी स्वतः लिहिलेले प्रोग्राम असलेल्या कॅसेट सापडल्या तर बाकी सगळं बाजूला ठेवून त्या आधी वाचवा, विकतच्या गेमच्या कॉप्या जगात आहेत, या घरच्या प्रोग्रामची दुसरी कॉपी कुठेच नाही. कॅसेट प्लेअरचं हेड अल्कोहोलने पुसा, रबर बेल्ट सैल असेल तर बदला, हेडशेजारचा बारीक स्क्रू आवाज सर्वात तीक्ष्ण येईपर्यंत किंचित फिरवा, आणि ४४१०० हर्ट्झ, मोनो, वेव्ह फाइलमध्ये रेकॉर्ड करा. एमपी३ नको, नॉइज रिडक्शन तर अजिबात नको. दोन्ही बाजू पूर्ण, मधली शांतता आली तरी थांबवू नका, बरेचदा पुढे अजून एक प्रोग्राम असतो.