घरचं पान वेगळं, दाखवायचं पान वेगळं

डिजिटल स्क्रॅपबुक म्हणजे फोटो, सजावटीचे कागद आणि आठवणींचा मजकूर कॉम्प्युटरवर रचून केलेली वही. तिचं पान छंदाच्या ग्रुपवर टाकायचं म्हणजे तयार फाइल उचलायची आणि अपलोड करायची, असं बहुतेकांना वाटतं. माझ्या मते एका पानाच्या दोन प्रती हव्यात. एक घरची: मोठी, सगळ्या लेअरसकट (फोटो, कागद, मजकूर यांचे एकावर एक ठेवलेले सुटे थर), खरी नावं, तारखा, आजारपणं, रुसवेफुगवे, जे लिहावंसं वाटलं ते सगळं असलेली. दुसरी दाखवायची: लहान, एकाच लेअरची, आणि अगदी अनोळखी माणसापर्यंत पोचली तरी चालेल अशी. मी पोटापाण्यासाठी मुद्रितं तपासते. त्यामुळे पान समोर आलं की माझी नजर आधी अक्षरांवर जाते, मग फोटोवर. पुढच्या सल्ल्यात हा कल दिसेल, तो समजून घ्या.

माप आणि रंग

घरची प्रत बहुतेक जण १२ बाय १२ इंचांची आणि ३०० पीपीआयची, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेलची, करतात. म्हणजे ३६०० बाय ३६०० पिक्सेल. छापायला हे माप छान आहे. दाखवायला मात्र ते जड पडतं, आणि बऱ्याच ठिकाणी अपलोड होताना चित्र आपोआप लहान केलं जातं. ते कसं लहान होणार यावर आपला ताबा नसतो, म्हणून ते काम आपणच करून टाकावं. मी पान १२०० पिक्सेलवर आणते, म्हणजे बरोबर एक तृतीयांश. मजकूर जास्त असेल तर १८००. ‘वेबसाठी ७२ डीपीआय करा’ हा सल्ला अजून फिरत असतो, तो खुशाल विसरा. स्क्रीनला फक्त पिक्सेलशी देणंघेणं असतं. रिझोल्यूशनच्या खान्यात ७२ लिहा नाहीतर ३००, १२०० पिक्सेलचं पान तेवढंच दिसणार.

क्रम मात्र पाळा. आधी लेअर असलेली फाइल सेव्ह करा. मग तिची डुप्लिकेट काढा आणि मूळ फाइल बंद करून टाका. डुप्लिकेटचे लेअर एकत्र करा, ती लहान करा, हलकंसं शार्पन करा (कडा ठळक करा) आणि नावाच्या शेवटी ‘वेब’ जोडून जेपेगमध्ये एक्सपोर्ट करा. मूळ फाइल बंद करायची पायरी कंटाळवाणी वाटते, पण मोठ्या पानावर लहान पान सेव्ह होण्याचा धोका तिथेच टळतो. शार्पन नेहमी लहान केल्यावर, आधी नाही. आधी केलेलं शार्पनिंग आकार बदलताना बरंचसं वाया जातं.

रंगासाठी एसआरजीबी, म्हणजे बहुतेक स्क्रीन गृहीत धरतात ती रंगपद्धत. फोटो ॲडोब आरजीबी या जास्त रंगांच्या पद्धतीत असेल आणि वाटेत प्रोफाइल, म्हणजे कोणती पद्धत ते सांगणारं लेबल, गळून पडली, तर सगळे चेहरे मलूल दिसतात. एक्सपोर्ट करण्याआधी ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ वापरा. त्याच्या शेजारचं ‘असाइन’ नाही: त्याने रंगांच्या संख्या तशाच राहतात, नुसतं लेबल बदलतं आणि रंग सरकतात.

जेपेगची एक खोड ठाऊक असलेली बरी. जागा वाचवायला हा फॉरमॅट उजेड-अंधाराचा तपशील जपतो आणि रंगाचा तपशील पातळ करतो. त्यामुळे बारीक लाल अक्षरांच्या कडा फिसकटतात, काळ्या अक्षरांना तेवढा त्रास होत नाही. लाल रंगात जर्नलिंग (पानावरचा आठवणींचा मजकूर) करायचंच असेल तर जाड वळण घ्या आणि क्वालिटी वर ठेवा. फोटोशॉपमध्ये १२ पैकी १० मला पुरते. एकदा जेपेग केलेली फाइल पुन्हा उघडून, बदलून, पुन्हा जेपेग करू नका. दुरुस्ती घरच्या प्रतीत करा आणि तिथून नवी वेब प्रत काढा.

अक्षरं

माझा आवडता विषय, म्हणून थोडी जास्त जागा घेते.

सुंदर पानावरचं जर्नलिंग वाचताच येत नाही, हे फार वेळा दिसतं. हिशेब सोपा आहे. ३०० पीपीआयच्या पानावर १० पॉइंटचा मजकूर साधारण ४२ पिक्सेलचा होतो. पान १२०० वर आणलं की तो १४ पिक्सेलवर येतो. रोमन लिपी १४ पिक्सेलमध्ये कशीबशी वाचता येते. देवनागरीला त्याच उंचीत वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, हलन्त बसवायचे असतात. १४ पिक्सेलमध्ये ‘र्कीं’सारख्या अक्षरावरची चिन्हं एकमेकांत मिसळतात आणि शिरोरेघेवर नुसता डाग दिसतो. म्हणून देवनागरी जर्नलिंग घरच्या प्रतीतच १४ पॉइंटच्या खाली नेऊ नका. तेवढं ठेवलं तर लहान पानावर साधारण १९ पिक्सेल मिळतात आणि फोनवरही वाचता येतं. ओळींमधलं अंतरही इंग्रजीच्या सवयीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर आदळतात.

फोटोशॉपमध्ये मराठी टाइप करताना ऱ्हस्व वेलांटी भलत्याच जागी जात असेल किंवा जोडाक्षरं सुटी पडत असतील, तर दोष फॉन्टचा असेलच असं नाही. टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट (भारतीय लिप्या नीट जुळवणारा पर्याय) निवडलेला आहे का ते बघा. गिंप या मोफत प्रोग्रॅममध्ये ही भानगड सहसा येत नाही. फॉन्टचं म्हणाल तर हस्ताक्षराच्या वळणासाठी ‘कलम’, लहान आकारात स्वच्छ वाचता यावं म्हणून ‘मुक्त’, आणि जुन्या छपाईची आठवण हवी असेल तर ‘टिरो देवनागरी मराठी’. तिन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली मोफत मिळतात. शेवटच्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत, आणि मला त्याचा आनंद होतो, बाकी कुणाला होवो न होवो. एका पानावर दोन फॉन्ट पुरेत. तिसरा आला की मी डोळे बारीक करते.

अपलोड करण्याआधी वेब प्रत फोनवर उघडून मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा. मोठ्या स्क्रीनवर न दिसलेली चूक तिथे हमखास दिसते.

काय दाखवू नये

घरच्या प्रतीत मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, शाळा सगळं असावं, कारण पन्नास वर्षांनी तेच वाचायचं असतं. दाखवायच्या प्रतीत यातलं काहीही नको. नावाच्या जागी आद्याक्षर किंवा ‘धाकटा’, तारखेच्या जागी नुसतं वर्ष. मजकुराचा लेअर लपवून त्याच जागी दुसरा ठेवला की झालं, मूळ मजकूर घरच्या फाइलमध्ये शाबूत राहतो. म्हणूनच जर्नलिंग फोटोच्या लेअरमध्ये मिसळून टाकू नये.

मजकुरापेक्षा फोटो जास्त बोलतात. गणवेशावरचा बिल्ला, दारावरची पाटी, गाडीचा नंबर, बोर्डिंग पासवरचा बारकोड, मागच्या भिंतीवर टांगलेलं प्रमाणपत्र. इथे आपल्या छंदाचा एक फायदा असा, की आपल्याकडे झाकायला वस्तूच वस्तू असतात. बिल्ल्यावर बटण, पाटीवर टॅग, नंबरावरून रिबन. कुणाला कळतही नाही की काही झाकलंय. अक्षरं-आकडे लपवायला ब्लर वापरू नका. पुसट केलेला मजकूर बऱ्याचदा अंदाजाने ओळखता येतो, वर ठेवलेलं अपारदर्शक बटण मात्र जेपेग झाल्यावर उचलता येत नाही. लेअरची फाइल कुणाला दिली तर मात्र ते सहज उचलता येतं, हे ध्यानात असू द्या.

फोनच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश लपलेले असू शकतात. नव्या पानात फोटो बसवून एक्सपोर्ट केलं तर बहुधा ते मागे राहतात. पण सुटा फोटो शेअर करताना एक्सपोर्टच्या चौकटीत मेटाडेटाचा (फोटोत लपलेल्या माहितीचा) पर्याय बंद करा, किंवा फोनच्या शेअर पर्यायातून लोकेशन काढा. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला तर दाबून लहान होतो, आणि ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते, त्यातल्या लोकेशनसकट. दर्जा हवा म्हणून डॉक्युमेंट पाठवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

आणि पानावरच्या माणसांना विचारा. मोठ्यांना तर विचाराच, पण ज्या मुलांना ‘नको’ म्हणता येतं त्यांनाही. त्यांनी नको म्हटलं तर ते पान घरात राहील, एवढंच.

श्रेय

पेपर, फुलं, बटणं, टेम्प्लेट (पानाचा तयार आराखडा), फॉन्ट, हे बहुतेक दुसऱ्या कुणीतरी बनवलेलं असतं. अशा वस्तूंचा तयार संच म्हणजे किट. ते उतरवलं की त्यासोबत वापराच्या अटींची छोटी मजकूर-फाइल येते, ती आपण सगळे न वाचता सोडतो. ती वाचा. ‘पर्सनल यूज’ असेल तर पान बनवून दाखवायला सहसा हरकत नसते, पण विकायला असते. काही डिझायनर दुसऱ्यासाठी पैसे घेऊन पान करून द्यायला परवानगी देतात, काही देत नाहीत. एक गोष्ट जवळपास प्रत्येक अटीत असते: किटमधला पेपर किंवा एलिमेंट (फूल, बटण अशी वस्तू) सुटा करून पुढे द्यायचा नाही. मैत्रिणीला ‘फक्त ते एक फूल’ पाठवणं त्यातच आलं.

श्रेय पानावर कोरायची गरज नाही, सोबतच्या मजकुरात एक ओळ पुरते. कोणतं किट, कुणाचं, टेम्प्लेट कुणाचं, फॉन्ट कोणता, फोटो कुणी काढला. फोटो काढणाऱ्याचं नाव सगळ्यात जास्त विसरलं जातं, विशेषतः तो घरातलाच असेल तर. श्रेय नंतर आठवत नाही, म्हणून मी पान बनवतानाच लेअरच्या नावात किटचं नाव लिहून ठेवते.

दुसऱ्याच्या पानावरून रचना घेतली असेल, म्हणजे स्क्रॅपलिफ्ट केलं असेल, तर तसं सांगा आणि मूळ पानाचा दुवा द्या. रचना उचलणं या छंदात गैर मानत नाहीत. न सांगणं मानतात.

सोबत काय लिहावं

‘कसं वाटलं?’ असं विचारलं की ‘मस्त!’ एवढंच उत्तर येतं, आणि ते रास्तच आहे. काही शिकायचं असेल तर नेमका प्रश्न विचारा. उदाहरणार्थ: ‘मोठ्या फोटोखाली तीन पेपर आहेत, ते चिकटल्यासारखे दिसतात की तरंगल्यासारखे?’ याला कुणीतरी खरं उत्तर देईल. बहुधा शॅडोबद्दल, कारण नव्या पानांमध्ये गडबड तिथेच असते. पातळ पेपरला आणि जाड फुलाला एकच शॅडो दिलेली असते, किंवा एका वस्तूवर उजेड डावीकडून आणि दुसरीवर उजवीकडून पडतो. मी शॅडोसाठी काळ्याऐवजी खालच्या पेपरचाच गडद रंग घेते, मल्टिप्लायवर (खालचा रंग गडद करणारा लेअरचा मोड). पेपरला अगदी जवळ आणि धारदार, फुलाला लांब आणि मऊ. आणि उजेडाची दिशा पानभर एकच.

नुसता फोटो टाकत असाल तर शटर आणि ॲपर्चरचे आकडे देण्यापेक्षा उजेड कुठून येत होता ते लिहा. खिडकी डावीकडे, दुपार, पडदा ओढलेला. यातून दुसऱ्याला तसा फोटो काढून बघता येतो. नुसत्या १/१२५ आणि एफ/४ वरून काही करता येत नाही. एका प्रसंगाचे वीस फोटो एकदम टाकू नका. तीन निवडा. निवडताना जे सोडवत नाहीत, त्यांच्यासाठीच तर स्क्रॅपबुक आहे.

चित्राचं वर्णन लिहायची सोय असेल तर दोन ओळी जरूर लिहा. ज्यांना दिसत नाही, तेही ग्रुपमध्ये असतात, आणि स्क्रीन रीडर तेवढंच वाचून दाखवतो. ‘माझं नवं पान’ हे वर्णन नव्हे. ‘निळ्या पेपरवर तिरपा ठेवलेला फोटो, पावसात हसणारी मुलगी, खाली चार ओळींचं जर्नलिंग’ हे वर्णन.

दुसऱ्याच्या पानाखाली लिहिताना एक जागा दाखवा: ‘रिबन फोटोच्या मागून नेलीय ते आवडलं.’ चूक दाखवायची असेल तर आधी त्यांनी सूचना मागितल्यात का ते बघा. न मागता मी फक्त शुद्धलेखन सांगते, तेही खाजगी मेसेजमध्ये. नावात चूक असेल तर लगेच, कारण कदाचित पान छापायला जाणार असतं.

पान आवडलं की लोक टेम्प्लेट मागतात. तेव्हा आपली लेअरची फाइल देऊ नका, तिच्यात दुसऱ्यांची किटं आणि आपले न झाकलेले फोटो असतात. नवी रिकामी फाइल उघडा, प्रत्येक फोटोच्या आणि पेपरच्या जागी राखाडी चौकोन काढा, लेअरना ‘फोटो १’, ‘पेपर २’, ‘शीर्षक’ अशी नावं द्या, आणि पीएसडी (फोटोशॉपची लेअरसकट फाइल) व पीएनजी (साधं चित्र) दोन्ही प्रकारांत ठेवा, म्हणजे कोणत्याही प्रोग्रॅममध्ये उघडेल. रचना मुळात दुसऱ्या कुणाच्या टेम्प्लेटवर बेतलेली असेल, तर राखाडी चौकोनही देऊ नका. मागणाऱ्याला मूळ टेम्प्लेटकडे पाठवा.