खाणावळीच्या संकेतस्थळावर मेन्यूचा फोटो नको, मजकूर हवा

सदाशिव पेठेतील एखाद्या छोट्या खाणावळीचे संकेतस्थळ उघडणारा माणूस बहुधा रस्त्यातच उभा असतो आणि आत्ता चालू आहे का, काय मिळेल आणि केवढ्याला, एवढेच त्याला हवे असते. म्हणून मेन्यूकार्डाचा फोटो किंवा पीडीएफ चढवून मोकळे होऊ नये. ती अक्षरे मोबाइलवर बोटांनी ताणून वाचावी लागतात, एक दर बदलला तरी सगळे पुन्हा करावे लागते आणि ‘थालीपीठ’ शोधणाऱ्याला ते पान सापडण्याची शक्यताही घटते. पदार्थ व दर साध्या मजकुरात, मराठीत आणि इंग्रजीत लिहावेत. ‘फक्त गुरुवारी’ किंवा ‘उपवासाची मिसळ, चतुर्थीला’ ही सूचना तळाशी न टाकता त्या पदार्थाच्याच ओळीत द्यावी.

वेळ लिहिताना ‘सकाळी ११ ते दुपारी ३, सायंकाळी ७ ते रात्री १०.३०, सोमवारी बंद’ असे स्पष्ट लिहावे. दुपारच्या विश्रांतीवरून पुण्याची थट्टा होतच राहील, पण बंद दारापुढे आलेले गिऱ्हाईक हसत नाही. याच वेळा गूगल बिझनेस प्रोफाइलवरही (गूगलच्या शोधात व नकाशावर दिसणाऱ्या खाणावळीच्या माहितीतही) असाव्यात आणि गणेशोत्सवात रस्ते बंद असताना दोन्हीकडे बदलाव्यात. फोन क्रमांकावर बोट ठेवताच फोन लागेल, असा दुवा द्यावा.

डोमेनची, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याची, नोंदणी मात्र संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या नव्हे, तर मालकाच्याच नावावर व ईमेलवर करावी.