सरकारी साइट हलवताना: पानाचा धनी आधी शोधा

शहराच्या निरनिराळ्या विभागांच्या साइट एका सामाईक सीएमएसवर (साइटचा मजकूर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर) आणायच्या कामात नव्याने आलात, की सगळं लक्ष सॉफ्टवेअरकडे जातं. माझंही गेलं. ड्रुपल 7 या जुन्या सीएमएसचा सपोर्ट 5 जानेवारी 2025 ला संपणार होता, त्यामुळे घाई होती आणि मी मॉड्यूल, म्हणजे सीएमएसला जोडायचे भाग, तपासत बसले. वेळ मात्र खाल्ला एकाच प्रश्नाने, हे पान कुणाचं?

म्हणून साइट क्रॉल करून (प्रोग्रामने सगळी पानं धुंडाळून) सगळ्या पत्त्यांची एक्सेल शीट काढा, तिच्यात जबाबदार व्यक्तीचा रकाना ठेवा आणि तो भरल्याशिवाय पान हलवू नका. जन्मदाखल्याची माहिती आमच्याकडे तीन साइटवर होती. दोन ठिकाणी शुल्क वेगवेगळं, तिसरीकडे बंद पडलेला फोन नंबर. बरोबर काय, ते दाखले देणाऱ्या खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला विचारलं तेव्हा कळलं. मग शुल्क, कागदपत्रं, कामाच्या वेळा यांना स्वतंत्र फील्ड दिली. आता नोंद एकच, ती तिन्ही विभागांच्या पानांवर दिसते आणि बदल एकदाच करावा लागतो. जुना मजकूर उचलून एकाच बॉडी फील्डमध्ये (मुख्य मजकुराच्या रकान्यात) ओतलात, तर सामाईक प्लॅटफॉर्म घेऊन काहीच हाती लागत नाही.

पीडीएफकडे डोळेझाक करू नका. स्कॅन केलेला एक अर्ज मी स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर) उघडला. त्याने पानाचा क्रमांक वाचला आणि पुढे शांतता. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी तो अर्ज कोराच होता. असे अर्ज वेब फॉर्म म्हणून नव्याने बांधा. सामान्य आकाराच्या अक्षरांना पार्श्वभूमीशी किमान 4.5:1 कॉन्ट्रास्ट लागतो, तो टेम्पलेटमध्येच पक्का करा, म्हणजे विभागांना रंग निवडायची वेळच येत नाही.

रीडायरेक्टमध्ये, म्हणजे जुना पत्ता नव्याकडे वळवण्यात, मी चुकले. जुने पत्ते 'इंडेक्स डॉट पीएचपी'पुढे प्रश्नचिन्ह आणि आयडी असे होते. अपाची या वेब सर्व्हरचा साधा रीडायरेक्ट नियम प्रश्नचिन्हापुढचा भाग जुळवतच नाही, त्यामुळे शेकडो पत्ते थेट मुखपृष्ठावर जाऊन पडले. आधीच छापलेल्या नोटिशींवर तेच पत्ते होते, आणि नोटीस हातात धरलेला माणूस मुखपृष्ठावर काय शोधणार? अशा पत्त्यांसाठी रीराइट नियमात क्वेरी स्ट्रिंगची (प्रश्नचिन्हापुढच्या भागाची) अट घालावी लागते. पान कायमचं हललं असेल तर 301 (कायमचं वळवल्याचा कोड) द्या, 302 (तात्पुरता) नको.

डीएनएसचा टीटीएल (साइटचं नाव कुठल्या सर्व्हरकडे जातं ती नोंद साठवून ठेवण्याची मुदत) साइट हलवण्याच्या एक-दोन दिवस आधीच 300 सेकंदांवर आणा. जुना सर्व्हर लगेच बंद करू नका.

गो-लाइव्हनंतर, म्हणजे नवी साइट सुरू झाल्यावर, 404 चा (पान न सापडल्याचा) लॉग रोज सकाळी उघडा आणि सगळ्यात जास्त वेळा आलेला पत्ता त्याच दिवशी दुरुस्त करा.