बर्फाची बेगमी: बेळगावहून कॅनडाला निघालेल्या कुटुंबाचा पहिला हिवाळा

मृग लागायच्या आधी खानापूर-जांबोटीकडच्या घरांत काय लगबग असते ते आठवा. कौलं शाकारून घ्यायची, जळण आत भरायचं, पापड-सांडगे डब्यांत घालायचे, इरली आणि घोंगडी झटकून ठेवायची. पाऊस सुरू झाल्यावर कुणी कौलांवर चढत नाही. बर्फाच्या मुलखातल्या पहिल्या हिवाळ्याची तयारी अगदी याच जातीची आहे. आपण थंडीच्या आकड्याला घाबरतो. माणसाला जेरीस आणतात ती ओल आणि वारा, आणि त्या दोघांना आपण लहानपणापासून ओळखतो.

मी बेळगावातल्या शहापूरची. आता ऑटावात राहते, कॅनडाच्या राजधानीत. जानेवारीतल्या रात्री तिथे उणे १५ च्या आसपास असतात, अधूनमधून उणे २५ लाही जातात. सुट्टीला बेळगावात आले की टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत कुणी ना कुणी विचारतंच, "आमच्या पोराचा व्हिसा झालाय. बर्फात लेकरांचं कसं केलासा हो?" त्यांना जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते.

१. बॅग भरताना हात आवरा

आम्ही खडे बाजारातून चौघांसाठी आठ जाड स्वेटर घेतले. २३ किलोची एक बॅग त्यातच संपली. तिथे गेल्यावर कळलं की घरात, शाळेत, बसमध्ये सगळीकडे हीटर असतो. २१ अंशांत जाड स्वेटर घालून माणूस घामाघूम होतो, आणि बाहेर पडलं की वारा त्याच स्वेटरच्या विणीतून आरपार जातो. दोन्हीकडून वाया.

जाड जॅकेट आणि बर्फाचे बूट इथे घेऊ नका. इथे मिळतात ते बहुतेक बेळगावच्या १३-१४ अंशांच्या पहाटेला पुरतील असे. ते तिथे पोहोचल्यावर घ्या. जुन्या कपड्यांच्या दुकानांत, ज्यांना थ्रिफ्ट स्टोअर म्हणतात, मुलांची जॅकेटं जवळजवळ नवी मिळतात, कारण पोरं एका हिवाळ्यात वाढतात. पहिल्या वर्षी तिथे जायला लाजू नका, तिथलेही लोक जातात.

इथून न्यायचं ते हे: माकडटोप्या, माणशी दोन. हसू नका, हीच टोपी तिथे बालाक्लाव्हा या नावाने चांगले पैसे मोजून घ्यावी लागते. घरी विणलेले लोकरी मोजे. अंगाला लावायला खोबरेल तेल. आणि जागा उरली तर आजीची एक वाकळ, ती थंडीसाठी नाही, तुमच्यासाठी.

विमान डिसेंबर ते फेब्रुवारीत उतरणार असेल तर मात्र प्रत्येकाचं एक गरम जॅकेट, टोपी आणि मोजे हातातल्या बॅगेत हवेत. विमानतळाच्या दारापासून गाडीपर्यंतची पाच मिनिटंसुद्धा चपला घातलेल्या मुलाला फार होतात.

आणखी एक फुकटचा क्लास करा. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे, त्यामुळे आपल्या भागात दोन-चार गल्ल्यांआड फौजेतून निवृत्त झालेलं कुणीतरी असतंच. लडाख-काश्मीरला राहिलेल्या अशा एखाद्या काकांकडे चहाला जाऊन बसा. आमच्या शेजारच्या सुभेदार काकांनी मला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: मोजे ओले झाले की हातातलं काम टाकून आधी मोजे बदल, आणि बूट कधी घट्ट घेऊ नको. मी ते हसण्यावारी नेलं. पुढे ते धाकटीच्या पायावर निघालं.

२. घर भाड्याने घेताना

भाडं किती हे सगळेच विचारतात. हीटिंग भाड्यात धरलंय की वेगळं, हे आधी विचारा. विजेच्या हीटरवर चालणारं घर स्वस्त मिळालं तरी जानेवारीचं बिल घाम फोडतं. दारापुढचा बर्फ कोण काढणार तेही ठरवून घ्या. बऱ्याच शहरांत पायवाट मोकळी ठेवायची जबाबदारी घरमालकावर असते, आणि ते काम तो गोड बोलून तुमच्या गळ्यात घालू शकतो. तळघरातली खोली घेत असाल तर धोक्याच्या वेळी बाहेर पडता येईल एवढी खिडकी आहे का, आणि धुराचा व कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालतो का, एवढं पाहिल्याशिवाय सही करू नका.

३. कपडे: घोंगडं आणि इरलं

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात.

पावसात मेंढरं राखणारा धनगर आठवा. डोक्यावर घोंगड्याची खोळ, वरून पाणी निथळतंय, आणि गडी निवांत. लोकर आपल्या वजनाच्या साधारण तीस टक्के ओल पोटात घेऊनही ऊब धरते. सुती कापड ओलं झालं की अंगाला चिकटतं आणि अंगातली उष्णता ओढून नेतं. म्हणून अंगाला लागणारा पहिला थर सुती नको. आपली सुती बनियन तिथल्या हिवाळ्यात शत्रूच, कारण बर्फ काढताना किंवा बस गाठायला पळताना घाम येतो आणि थांबलं की तोच घाम गारठतो.

तीन थर असे: अंगाला पातळ लोकरीचं किंवा सिंथेटिक थर्मल. त्यावर ऊब धरणारं फ्लीस, म्हणजे मऊ लवदार सिंथेटिक कापडाचा कपडा, किंवा स्वेटर. खडे बाजारातले आमचे ते स्वेटर या मधल्या थराला कामाला आले. सगळ्यांत वर इरलं, म्हणजे वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट. इरल्याने ऊब येत नाही, ते आतल्या उबेची राखण करतं. थर सुटे असले की बसमध्ये चढल्यावर एक काढता येतो. एकच जाडजूड कोट घेतला की हे जमत नाही.

बूट अर्धा नंबर मोठे घ्या, आत लोकरी मोजा घालून बोटं हलली पाहिजेत. दोन मोज्यांवर मोजे चढवून बूट गच्च करायचा मोह होतो, पण पाय आवळला की रक्त फिरत नाही आणि पाय जास्तच गार पडतो. हातमोजे बोटांचे घेण्यापेक्षा पिशवीसारखे घ्या. चार बोटं एकत्र राहिली की एकमेकांना ऊब देतात.

हवामानाच्या अंदाजात तापमानाशेजारी विंड चिल म्हणून दुसरा आकडा असतो, वारा धरून अंगाला जाणवणारी थंडी. घराबाहेर पडायचा हिशोब त्या आकड्यावर करा. तो उणे २८ च्या खाली गेला की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, उणे ४० च्या खाली ५ ते १० मिनिटांत. गोठायला लागलेली जागा गोऱ्या कातडीवर पांढरी दिसते. आपल्या सावळ्या रंगावर ती पटकन कळत नाही, म्हणून रंग बघत बसू नका. नाक, कान, बोटं बधिर झाली की आत जा. ती जागा चोळू नका, शेकू नका, कढत पाण्यातही घालू नका. कोमट पाण्यात धरा आणि बधिरपणा गेला नाही तर डॉक्टर गाठा.

४. मुलं

तिथल्या शाळेत कडाक्याची थंडी नसेल तर मधल्या सुट्टीत पोरांना बाहेर काढतात. बर्फातच. पहिल्या दिवशी माझा जीव वर-खाली झाला. आता वाटतं, बरं करतात.

मुलाला स्नो पँट, बूट, जॅकेट, टोपी, गळ्याभोवती बंद नेक वॉर्मर हवाच. लांब मफलर नको, घसरगुंडीत अडकून गळ्याला फास बसू शकतो. हातमोजे दोन जोड, प्रत्येकावर नाव. तरी एक हरवतोच.

घालायचा क्रम पाठ करून टाका: आधी शू करून येणे. मग स्नो पँट, मग बूट, मग जॅकेट, टोपी, आणि शेवटी हातमोजे. हातमोजे आधी घातले की पोराला चेन लावता येत नाही, आणि शू विसरली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

धाकटीचं सांगते. नोव्हेंबरात तिला घाईत बेळगावचे सुती मोजे घालून शाळेत धाडलं. बुटात बर्फ गेला, मोजे भिजले, तिने कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी पायाची बोटं सुजून लाल-जांभळी आणि खाजेने रडून हैराण. त्याला चिलब्लेन्स म्हणतात, आठवडा-दोन आठवड्यांत बरं होतं. पण त्या रात्री सुभेदार काकांचा आवाज कानात घुमत होता. तेव्हापासून दप्तरात लोकरी मोज्यांचा सुटा जोड कायम.

गाडीतल्या मुलांच्या सीटबद्दल एक गोष्ट जपा: जाड जॅकेट घालून पट्टे लावायचे नाहीत. जॅकेटमधली हवा धडकेत दबते आणि पट्टा सैल पडतो. पटत नसेल तर जॅकेटसह पट्टा लावून बघा, मग पट्ट्याची लांबी न बदलता जॅकेट काढून परत लावा. मधली ढिलाई बघून तुम्हीच दचकाल. जॅकेट काढून पट्टा आवळा आणि वरून पांघरा.

५. चालणं

आपल्याकडे जुलैत विहिरीच्या शेवाळलेल्या पायऱ्या कशा उतरतो? गुडघे किंचित वाकवून, छोटी पावलं, पूर्ण तळवा टेकवत, हात खिशाबाहेर. तसंच. डांबरावरचा पातळ बर्फ दिसतच नाही, रस्ता नुसता ओला वाटतो. बुटांना लावायचे काट्यांचे रबरी पट्टे मिळतात, ते घरात एक जोड असू द्या. रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने बुटांवर पांढरे डाग पडतात आणि चामडं फाटतं. दाराशी एक ट्रे ठेवून बूट तिथेच काढा. ही सवय आपल्याला शिकवावी लागत नाही.

६. गाडी

पहिल्या हिवाळ्यात बस असेल तर बसने फिरा, हे माझं मत. नवऱ्याला ते पटलेलं नाही. चालवायचीच असेल तर हिवाळी टायर घाला. ७ अंशांखाली साध्या टायरचं रबर कडक होऊन पकड सुटते. क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हे टायर कायद्याने सक्तीचे आहेत. टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. डिकीत फावडं, घोंगडं, पाणी, थोडं खाणं आणि वाळूची पिशवी असू द्या. बर्फात अडकून इंजिन चालू ठेवलं तर मागचा धुराचा पाइप आधी मोकळा करा, नाहीतर विषारी धूर गाडीत शिरतो.

७. घरातली हवा, आणि शेगडी

हीटरने हवा इतकी कोरडी होते की नाकातून रक्त येतं, ओठ फुटतात, रात्रभर घसा कोरडा. इथे पावसाळ्यात घरभर दोऱ्या बांधून कपडे वाळवायची आपली रीत कामाला येते: धुतलेले कपडे घरातच वाळत घाला, हवेला ओलावा मिळतो. मात्र खिडकीच्या काचांवर पाणी साचायला लागलं की थांबा, नाहीतर भिंतीला बुरशी धरते. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल लावा. ते बाटलीत दगड झालेलं असेल, वाटीत काढून कोमट पाण्यात धरायचं.

आता जे सांगते ते मनावर घ्या. बाळंतिणीसाठी, बाळाच्या शेकासाठी आपण कोळशाची शेगडी पेटवतो. आपल्या घरांच्या कौलांत, दारांत फटी असतात म्हणून ती चालते. तिथली घरं डब्यासारखी बंद असतात. बंद घरात शेगडी, बार्बेक्यू किंवा जनरेटर पेटवला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. धुरीने, फोडणीने धुराचा अलार्म वाजला तर खिडकी उघडा, अलार्मची बॅटरी काढू नका. आणि मोठा बर्फ पडून गेल्यावर घराच्या बाहेरच्या भिंतीतून निघणारे हीटरचे पाइप बर्फाने बुजले नाहीत ना, हे एकदा फिरून बघा.

८. वीज गेली तर

कॅनडा सरकार सांगतं की प्रत्येक घरात निदान ७२ तास पुरेल एवढं सामान हवं. पाणी, बॅटऱ्या, टॉर्च, औषधं, आणि शिजवावं न लागणारं खाणं. चिवडा, भडंग, शेंगदाण्याची चटणी, लाडू: आपली फराळाची बेगमी इथे कुणाच्याही अडीअडचणीच्या पेटीला हार जात नाही. सगळ्यांनी एकाच खोलीत झोपा.

९. अंधार

याची तयारी कुणीच करत नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं आणि डिसेंबरात ऑटावात साडेचारच्या आत सूर्य बुडतो. मुलं शाळेतून येतात तोवर रात्र. मला पहिल्या वर्षी कारण नसताना रडू यायचं. दुपारी अर्धा तास उजेडात चाला, ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचारा, आणि सण सोडू नका. संक्रांत नेमकी थंडीच्या ऐन भरात येते. तिळगूळ वाटायच्या निमित्ताने शेजाऱ्यांची दारं वाजवा. जानेवारीत तिथे कुणी कुणाच्या दारात जात नाही, म्हणून त्यांना फार अप्रूप वाटतं.

१०. आई-वडिलांना कधी बोलवायचं

जूनमध्ये. बर्फ बघायचा हट्टच असेल तर मार्चच्या शेवटी बोलवा, तेव्हाही थोडा उरलेला असतो. साठीच्या पुढच्या माणसाच्या हाती फावडं देऊ नका. थंडीत रक्तवाहिन्या आखडतात, त्यात ओल्या बर्फाचं वजन, आणि छातीवर ताण येतो. माझे बाबा म्हणाले, "त्यात काय, शेतात माती ओढली न्हाई काय मी?" मी फावडं शेजाऱ्याकडे लपवून ठेवलं.

मार्चमध्ये दुकानांत हिवाळी कपड्यांचा सेल लागतो. तेव्हा मुलांचे बूट पुढच्या नंबरचे घेऊन ठेवा, पण यंदाचे माळ्यावर टाकू नका. एप्रिलमध्ये एकदा तरी परत बर्फ पडतो.