मुलांना इंग्रजी शब्द मुळापासून कसे शिकवावेत

शब्द आणि त्याचा अर्थ अशा दोन रकान्यांच्या वहीतून माझ्या मुलीने दोन वर्षं इंग्रजी शब्द पाठ केले. चाचणी झाली की पुसले जायचे. मग आम्ही शब्द फोडून बघायला लागलो आणि तिला गोडी लागली. इंग्रजीतले अभ्यासाचे, विशेषतः विज्ञानाचे बहुतेक शब्द ग्रीक आणि लॅटिन मुळांवर उभे आहेत. एक मूळ कळलं की त्याचा सगळा गोतावळा ओळखीचा होतो. साधारण आठ-नऊ वर्षांपासून हे सुरू करायला हरकत नाही.

सुरुवात मराठीतूनच करा. आहार, विहार, प्रहार, संहार हे चार शब्द कागदावर एकाखाली एक लिहा आणि चौघांत सारखं काय आहे ते मुलाला विचारा. 'हृ' म्हणजे नेणे हा धातू, आणि पुढे उपसर्ग बदलला की अर्थ कुठल्या कुठे जातो. हे त्याला पटलं की निम्मं काम झालं, कारण लॅटिनमध्येही नेमकं हेच चालतं.

आता पहिलं मूळ घ्या: 'पोर्ट', म्हणजे वाहून नेणे. अर्थ लगेच सांगू नका. आधी मुलाकडूनच शब्द काढून घ्या: इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट, पोर्टेबल. आत नेणं, बाहेर नेणं, पलीकडे नेणं, नेता येण्याजोगं. रिपोर्ट म्हणजे बातमी परत आणून देणं, सपोर्ट म्हणजे खालून भार वाहणं. मूल हमखास 'एअरपोर्ट' म्हणेल. त्यातला पोर्ट बंदर या अर्थाच्या लॅटिन 'पोर्टुस'वरून आला आहे, तेव्हा त्याला पानाच्या कडेला वेगळी जागा द्या.

वहीत एका मुळाला एक अख्खं पान. मध्यभागी मूळ, त्याखाली मराठी अर्थ, भोवती फांद्या. शब्द इंग्रजी अक्षरांतच लिहून घ्या, कारण उच्चार बदलला तरी मूळ स्पेलिंगमध्ये शाबूत राहतं. 'साइन'मधला मुका जी 'सिग्नल'मध्ये बोलायला लागतो. हे एकदा दिसलं की मूल तो जी सहसा विसरत नाही.

आठवड्याला एकच मूळ पुरे. पन्नास मुळांची यादी भिंतीवर चिकटवाल तर पाठांतराचं जुनंच ओझं नव्या नावाने परत येईल. आमच्या घरी 'रप्ट', म्हणजे तुटणे, हे मूळ दहा दिवस चाललं. ज्वालामुखी 'इरप्ट' होतो म्हणजे फुटून बाहेर येतो हे तिने स्वतःच काढलं. दुसऱ्या दिवशी मी मध्येच बोलले, तर म्हणाली, "आई, इंटरप्ट! माझं वाक्य मधोमध तोडलंस." 'इंटर' म्हणजे मध्ये हे मी तिला सांगितलेलं नव्हतं.

ग्रीक मुळांसाठी कार्डं करा, कारण ती जोडून खेळता येतात. टेलि म्हणजे दूर, मायक्रो लहान, फोटो प्रकाश, स्कोप पाहणे, फोन आवाज, ग्राफ लिहिणे. सहा कार्डांतून टेलिस्कोप, मायक्रोस्कोप, टेलिफोन, मायक्रोफोन, फोटोग्राफ जुळतात. शेजारी मराठी शब्द ठेवा: दूरदर्शक, सूक्ष्मदर्शक. तुकड्याला तुकडा जुळतो. मुलं नसलेले शब्दही बनवतील. बनवू द्या, फक्त त्यांचा अर्थ त्यांनाच सांगायला लावा.

लहान मुलं प्राण्यांवर जास्त रमतात. ऑक्टोपस म्हणजे आठ पायांचा, हिप्पोपोटॅमस म्हणजे नदीतला घोडा, ट्रायसेराटॉप्स म्हणजे तीन शिंगांच्या तोंडाचा. 'भयंकर सरडा' या अर्थाचं डायनोसॉरचं नाव रिचर्ड ओवेन यांनी १८४२ मध्ये रूढ केलं.

आणि आपल्याकडे एक ठेवा आहे, तो वापराच. दंत आणि 'डेंटिस्ट', पद आणि 'पेडल', नव आणि 'नोव्हेल', सप्त आणि 'सप्टेंबर' ही भावंडं आहेत, एकाच प्राचीन भाषाकुळातली. सप्टेंबर नववा महिना असून नावात सात का, हा प्रश्न मुलालाच पडू द्या. जुनं रोमन वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं.

अंदाज चुकतात, तेही शिकवायचं असतं. 'पेड' म्हणजे पाय, म्हणून माझ्या मुलीने 'पीडियाट्रिशियन'ला पायांचा डॉक्टर ठरवलं. तिथे मूळ ग्रीक 'पाइस', म्हणजे मूल. तेव्हापासून आमचा नियम असा: आधी अंदाज, मग तो वाक्यात बसतो का ते पाहायचं, मग शब्दकोश. मोठ्या शब्दकोशात नोंदीबरोबर शब्दाची व्युत्पत्ती दिलेली असते. ती वाचायची सवय मुलाला याच वयात लावा.

दर पंधरवड्याला वही चाळा. वाचताना भेटलेला एखादा शब्द मुलाने आपणहून जुन्या पानावर नेऊन लिहिला असेल, तर त्या आठवड्यात नवं मूळ घेऊ नका. त्याच पानावर रेंगाळा.